न उघडलेल्या सुटकेसचा ड्रम

इस्लाव आमच्या धक्क्यावर पहिल्यांदा वाजवायला बसला तो मंगळवार होता, आणि गिमारास बेटावरून येणारी नऊ वाजून दहा मिनिटांची बोट नुकतीच लागली होती. हे लक्षात राहिलं कारण माझी तिकिटांची खिडकी तिथून बारा पावलांवर आहे, आणि त्या दिवशी रांगेतल्या सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. नोए हा गिटारवाला तिथे चार वर्षांपासून गात होता. त्याच्यासाठी कोणी कधी मान वळवली नव्हती. आज त्याच्या शेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर एक जाड मानेचा, पिकल्या केसांचा माणूस बसला होता आणि उजव्या पायाने एक निळी सुटकेस वाजवत होता.

आवाज मोठा नव्हता. ओल्या वाळूत नारळ पडावा तसा, जाड आणि दबका. पण नोएचं गाणं त्या आवाजावर पहिल्यांदाच नीट उभं राहिलं.

इस्लावला मी आधीपासून ओळखत होतो. आमची घरं एकाच गल्लीत. मी सहा वर्षांनी मोठा, म्हणून तो मला नोंग लिनो म्हणे, म्हणजे लिनोदादा. तरुणपणी तो जत्रांमधल्या नाचाच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. त्याचा स्वतःचा पाच ड्रमांचा संच होता. त्याची बायको पेतांग त्या नाचांतच त्याला भेटली. ती सगळ्यांना सांगायची, "मी ह्याच्या तोंडाकडे बघितलंच नव्हतं. मी ह्याच्या उजव्या पायाशी लग्न केलं. बाकीचा माणूस मागून घरात शिरला."

पुढे पेतांगला हाँगकाँगला घरकामाची नोकरी मिळाली. तिच्या कागदपत्रांच्या खर्चासाठी ड्रम विकावे लागले. पायाने वाजवायचा मोठा ड्रम त्याने सगळ्यात शेवटी दिला, आणि त्यानंतर तो तीनचाकी चालवायला लागला. मूलबाळ नव्हतं. पेतांग अकरा वर्षं तिकडे राहिली. दर दोन वर्षांनी ती यायची, तीच निळी सुटकेस घेऊन.

तिची बॅग उघडण्याचा दिवस गल्लीत सगळ्यांना आधीच माहीत असायचा. पुढच्या खोलीत चटया पडत. पेतांगची आई, नानाय बासियोन, खुर्चीत मधोमध बसे. बहीण लुदिंग मुलाबाळांसह येई. पेतांग गुडघ्यावर बसून कुलपाचे आकडे फिरवी आणि एकेक पुडकं काढून त्यावरच्या चिठ्ठीतलं नाव मोठ्याने वाची. ती उघडेपर्यंत सुटकेसला कोणी बोट लावत नसे. परतून आलेल्याची बॅग त्यानेच उघडायची, हे आमच्याकडे लहान मुलालाही कळतं.

शेवटच्या वेळी ती कायमची परत येणार होती. आठवडाभर आधी तिने आईला फोन केला. नानाय तेव्हा एक्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि त्यांनी लेकीकडे एकच गोष्ट मागितली होती: शवपेटीत घालायचा पोशाख.

"घेतला, नानाय," पेतांग म्हणाली. "फिकट जांभळा. गळ्याला जाळी आहे. तुमच्या सगळ्या मैत्रिणी जळतील."

"त्या सगळ्या आधीच गेल्यात गं," नानाय म्हणाल्या. "पण घेऊन ये."

विमानाच्या चार दिवस आधी, अठरा एप्रिलला, मालकांच्या स्वयंपाकघरात भाजी चिरताना पेतांग खाली पडली. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. तेरा दिवसांनी तिची शवपेटी आली. सुटकेस मे महिन्याच्या अखेरीस आली. तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईने ती स्वतःच्या सामानातून आणून दिली.

त्या संध्याकाळी पुन्हा चटया पडल्या. मीही होतो. इस्लावने सुटकेस मधोमध ठेवली, तिच्यासमोर बसला, पण कुलपाला हात लावला नाही.

"नोंग, उघडा ना," लुदिंग हळूच म्हणाली.

"ती उघडेल."

"नोंग, ती..."

"मला माहीत आहे ती कुठे आहे. माती मीच लोटली. पण बॅग तिची आहे." आणि त्याने सुटकेस पायाने ढकलत आतल्या खोलीत नेली आणि पलंगाखाली सरकवली. नानाय खुर्चीतून उठल्या नाहीत. जाताना लुदिंगला त्यांना हाताला धरून उठवावं लागलं.

त्यानंतर त्याने तीनचाकी बंद केली. पलंगावर बसून राहायचा. पाय खाली लोंबत असायचे आणि टाच सुटकेसवर लागायची. एकदा नोए त्याच्यासाठी वाटीभर बाचोय, शेवयांचं गरम सूप, घेऊन गेला, तर हा टाचेने ताल धरून बसलेला.

"नोंग इस्लाव, हा आवाज कुठून येतोय?" नोएने विचारलं.

इस्लाव म्हणाला, "माझ्याही आत्ताच लक्षात आलं."

पुढची सगळी जुळवाजुळव त्याने धक्क्यामागच्या शेडमध्ये केली, म्हणून मला ती पाहायला मिळाली. सुटकेस लांब कडेवर उभी केली, म्हणजे रुंद बाजू पायासमोर येते. दाराच्या बिजागरीवर पेरूच्या लाकडाची फळी बसवून पायपट्टी केली. तीनचाकीच्या स्टँडची स्प्रिंग काढून तिला लावली, म्हणजे ठोका देऊन दांडा मागे येतो. दांडा झाडूचा. त्याच्या टोकाला जुन्या रबरी चपलेच्या चकत्या कापून एकावर एक चिकटवल्या आणि वरून मोजा ओढला. मोज्याशिवाय आवाज टकटक येतो, मोजा घातला की जाड होतो, हे त्याने मला दोन्ही प्रकारे वाजवून दाखवलं. इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदाच काहीतरी समजावून सांगत होता.

अडचण एकच होती. ठोक्यागणिक सुटकेस पुढे सरकत होती. तिला खाली जड फळी लावणं भाग होतं.

"उघड, आतून नट लाव, काम संपलं," नोए म्हणाला.

"उघडली की वाजणार नाही. आत कपडे आहेत म्हणून हा आवाज आहे. रिकामा डबा ऐकलायस का कधी?"

"मग कपडे परत भर!"

"असेच्या असे बसणार नाहीत. तिने भरलेत ते."

नोएने माझ्याकडे बघितलं. आतून नट लावता येत नव्हता, म्हणून इस्लावने लांब स्क्रू घेतले आणि फळी खालून, झाकणाच्या फटीवरून आडवी नेऊन सहा ठिकाणी आवळली. आता ती सुटकेस मनात आलं तरी सहज उघडणार नव्हती.

असा तो धक्क्यावर आला, आणि लोकांना आवडला. जुन्या बँडमधले दोघे त्याला बघायला म्हणून आले आणि दुपारपर्यंत थांबले. पण त्याला हसताना मी पाहिलं नाही. पहिल्या बोटीपासून शेवटच्या बोटीपर्यंत वाजवायचा, मग सुटकेस टॉवेलने पुसायचा आणि खांद्यावर घेऊन घरी जायचा.

नानाय दर रविवारी प्रार्थनेनंतर त्याच्या दारात उभ्या राहत. फक्त विचारत, "आज?" तो म्हणे, "आज नको, नानाय." फेब्रुवारीत एके सकाळी त्या लुदिंगचा हात धरून थेट धक्क्यावर आल्या. बाकावर बसल्या. दोन गाणी ऐकली. तिसरं सुरू व्हायच्या आत काठी उचलून सुटकेसवर ठेवली.

"छान वाजवतोस," त्या म्हणाल्या. "माझ्या पोशाखाला रोज लाथा घालतोस आणि लोक टाळ्या वाजवतात."

"नानाय, लाथ झाकणाला लागते. पोशाखाला नाही."

"तू आत जाऊन बघून आलास वाटतं?"

नोएला हसू आलं, आणि त्याने ते दाबलं.

इस्लावने मान खाली घातली. "पोशाख मिळाला की तुम्ही जाल," तो म्हणाला.

"अरे वेड्या, मी काय पोशाखासाठी थांबलेय? बोलावणं आलं की जुन्या गाउनमध्ये जाईन. मला लाज नाही. लाज तुझ्या बायकोला वाटेल. ती दारातच विचारेल, नानाय, मी घेतलेला कुठाय? मी काय सांगू? तुझ्या नवऱ्याने वाजवायला ठेवलाय?"

लुदिंग म्हणाली, "चला नानाय, ऊन होतंय."

"होऊ दे. ह्याला बोलू दे."

त्या दोघी गेल्यावर इस्लावने त्या बोटीला काहीच वाजवलं नाही. मग माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, "नोंग लिनो, अठरा एप्रिलला वर्ष भरतं. वर्षाचं सुतक त्या दिवशी उतरतं. त्या दिवशी सगळ्यांना बोलावून उघडतो."

"नक्की?"

"नक्की. तिला एक वर्ष तरी देतो."

मला ते पटलं. तारीख ठरली की मला बरं वाटतं. सगळं आयुष्य मी वेळापत्रकावर काढलं आहे. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर अठराला खूण केली आणि संध्याकाळी लुदिंगला सांगितलं. तिने नानायना सांगितलं. त्या पुढच्या रविवारी त्याच्या दारात आल्या नाहीत. म्हणाल्या, आता तारीख मिळालीय, उगाच का चालू?

सत्तावीस मार्चला पहाटे त्या झोपेतच गेल्या.

इस्लावला कळलं नव्हतं. तो नेहमीसारखा पहिल्या बोटीला आला होता. नऊच्या सुमारास लुदिंग धक्क्यावर आली. घरच्या कपड्यांत होती आणि पायातल्या दोन चपला दोन रंगांच्या होत्या. ती त्याच्यासमोर उभी राहिली. त्याने तिच्याकडे बघितलं आणि त्याचा पाय थांबला. नोए एकटाच दोन ओळी पुढे गात गेला.

"शव तयार करणारा माणूस अंगणात येऊन बसलाय," लुदिंग म्हणाली. "कपडे मागतोय."

इस्लाव उठला. सुटकेस उचलली आणि माझ्या कचेरीत आणली, कारण तिथे मोठं टेबल आहे. मी खिडकी बंद केली. नोकरीत मी वेळेआधी खिडकी बंद केली ती तेवढ्या एकदाच. स्क्रूड्रायव्हर माझ्या कपाटात होता. पहिला स्क्रू निघाला. दुसरा समुद्राच्या हवेने गंजून बसला होता. त्याचं डोकंच झिजलं. इस्लावचा हात घसरून टेबलावर आपटला. मग नोएने पक्कड आणली. सहा स्क्रू काढायला वीस मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ लुदिंग भिंतीला टेकून उभी होती. बस म्हटलं तरी बसली नाही.

कुलपाचे आकडे त्याला माहीत होते. त्याने ते फिरवले, पण झाकण उचललं नाही. सुटकेस लुदिंगकडे सरकवली. "तू तिची बहीण आहेस," तो म्हणाला.

लुदिंगने उघडलं. साबण, चॉकलेट, टॉवेल, मुलांचे बूट. प्रत्येक पुडक्यावर चिकटपट्टी आणि पेतांगचं मोठं, तिरकं अक्षर. पोशाख वर नव्हता. चुरगळू नये म्हणून तिने तो पातळ कागदात गुंडाळून कडेला, अगदी तळाशी सरकवला होता. कागदावर लिहिलं होतं, नानाय. ज्या कडेवर सुटकेस आठ महिने उभी होती, तीच ती कड.

लुदिंगने गुंडाळी हातात घेतली आणि कागद काढला. कागदाला सहा भोकं होती. मग ती पोशाख उलगडू लागली, आणि प्रत्येक वळणाबरोबर तीच सहा भोकं पुन्हा समोर येत गेली, प्रत्येकाभोवती गंजाचं तपकिरी कडं. फिकट जांभळ्यावर ते फार स्पष्ट दिसत होतं. ती उलगडत राहिली आणि भोकं संपेनात.

"थांब," इस्लाव म्हणाला.

"थांबून कसं चालेल, नोंग? माणूस अंगणात बसलाय." तिने पोशाख खांद्यांना धरून उभा केला, उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. आवाज अगदी साधा होता तिचा. "गळा चांगला आहे. जाळीला काही नाही. खालचं झाकणाखाली जातं, मागचं कुणाला दिसत नाही. पुढे दोन आहेत, ती हातांखाली जातील. वर जपमाळ येते."

"लुदिंग, मी..."

"मला आत्ता काही सांगू नका."

तिने पोशाखाची घडी घातली. इस्लाव मात्र सुटकेसमधली पुडकी एकेक करून उचलत होता, चिठ्ठी वाचत होता, बाजूला ठेवत होता. सगळी संपली तशी त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. लुदिंगच्या लक्षात आलं तो काय शोधतोय.

"तुमच्या नावाचं नसेल," ती म्हणाली. "घरातल्या माणसाला कुणी चिठ्ठी लावतं का? ती तर इथेच राहायला येत होती." चिठ्ठी नसलेली दोन बनियनं होती, एक दाढीचं सामान होतं, आणि तिचे स्वतःचे कपडे. ती त्याच्या हातात देऊन लुदिंग पोशाख घेऊन निघून गेली.

दफनाआधी, आमच्या रिवाजाप्रमाणे, नानाय पाच दिवस पेटीत घरातच होत्या. पेटीच्या काचेतून दिसायचा तेवढा भाग खरोखरच सुंदर दिसत होता. गळ्याच्या जाळीने चेहरा उजळला होता. लोक येत, काचेवर वाकत आणि म्हणत, "लेकीने काय पोशाख घेतला आईसाठी!" इस्लाव पेटीच्या पायथ्याशी उभा असे. असं कोणी म्हटलं की तो पुढे होऊन सांगे, "मागून भोकं आहेत. मी पाडली." पहिल्या दिवशी लोक दचकले. दुसऱ्या दिवशी लुदिंगने त्याला कोपऱ्यात नेलं आणि म्हणाली, "नोंग, कुणाला माहीत नाही. नका सांगू." त्याने मान हलवली आणि पुढच्या माणसाला सांगितलं. मग तिने त्याच्या हातात कॉफीचा ट्रे दिला, म्हणजे तो पेटीपासून लांब राहील.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी आणि माझी बायको गेलो. तो दारातच ट्रे घेऊन आला. बिस्किटांची बशी माझ्यापुढे धरली आणि खाली बघत म्हणाला, "नोंग लिनो, पोशाख छान आहे ना? पण मागून भोकं आहेत. खूप आहेत. स्क्रूची. मी उघडायला हवी होती."

स्क्रूड्रायव्हर मी दिला होता. टेबल माझं होतं. भोकं मी त्याच्या आधी मोजली होती. आणि अठरा एप्रिलला खूण करून समाधानाने घरी जाणाराही मीच होतो.

"हो का?" मी म्हणालो, आणि त्याने मला पहिल्या स्क्रूपासून सगळं सांगितलं. कॉफी गार होईपर्यंत मी ऐकत उभा राहिलो.