लेकीची पापणी लवली

अमरावतीच्या आमच्या आखाड्यात एखादी पोरगी काठी शिकायला आली की मी आधी तिची पापणी बघते. तिला समोर उभी करायची आणि नाकापासून चार बोटांवरून काठी सणसणत न्यायची. पापणी लवली की काठी मिळत नाही, घरी जा, उद्या ये. माझ्या गुरूंनी माझी भुवई फोडून मला हे शिकवलं. टाक्यांची खूण अजून आहे.

माझी लेक पहिल्याच दिवशी पास झाली. मी वारावर वार नेले, पोट्टी आपली टकमक बघत उभी. पुढं चांदूर बाजारच्या एका मिरवणुकीत गर्दीतल्या कुणीतरी तिच्या अंगाला हात लावला. तिनं वळून त्याचं मनगट कटकन मोडलं आणि परत रांगेत येऊन काठी फिरवायला लागली. शेजारपाजारच्या बायका मला म्हणायच्या, "अशा पोरीले नवरा कोन भेटन व?"

भेटला. स्थळ अकोल्याच्या जुन्या शहरातलं, नोकरी कॉम्प्युटरची, राहायला अमेरिका. जावई बोलायला इतका गोड की मलाच माझ्या आडदांड बोलीची लाज वाटायची. मागच्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेले तेव्हाही तेच. आई, जेवलात का, आई, उशी देऊ का. मी फोन करकरून सगळ्या गोतावळ्याला सांगितलं, जावई नाही, हिरा आहे हिरा. डोंबलाचा हिरा!

जुलैमध्ये त्या देशाचा स्वातंत्र्यदिन. त्यांच्या छोट्याशा गावात परेड निघते आणि त्यात जो तो आपापला जथा घेऊन चालतो. तिथल्या मराठी मंडळींनी मला गळ घातली, काकू, तुम्ही लाठीकाठी दाखवा. विमानातून काठ्या कोण आणू देतो? म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून फावड्याचे दांडे आणले, त्यांना गोडं तेल चोळलं आणि लेकीला म्हटलं, चल, सराव करू. ती रोज काहीतरी कारण काढायची. कंबर दुखते, काम आहे. मला वाटलं, इकडे येऊन पोरगी सुस्तावली.

परेडच्या दिवशी ऊन आपल्या अकोल्यासारखंच टाळू भाजणारं. तरी लेकीच्या अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा कुर्ता. पुढं आगीचा बंब, त्यामागं शाळेचा बँड, मग जुने ट्रॅक्टर आणि त्यांच्या धुरात आम्ही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक खुर्च्या टाकून बसलेले, हातात कागदी झेंडे. जावई पुढं उलटा चालत मोबाइलवर आमचं चित्रण करत होता. "आई, इकडे बघा, हसा!"

मराठी मंडळींचा ताशा सुरू झाला आणि आम्ही दोघी एकमेकींसमोर आलो. पहिलाच वार मी तिच्या तोंडावरून नेला.

तिची पापणी लवली. नुसती लवली नाही, तिनं डोळे गच्च मिटले, मान खांद्यात ओढली आणि हात डोक्यावर नेला. काठी अडवायला हात असा जात नाही. असा हात रोज मार खाणाऱ्या बाईचा जातो. मला दुसरा वार आवरता आला नाही, तो तिच्या कोपराखाली बसला आणि बाही वर सरकली. आत जुने डाग होते, हिरवे, पिवळे, आणि दंडावर चार बोटं उमटलेली काळीनिळी.

माझी काठी थांबली. "कोन मारते तुले?"

"आई, काठी फिरव. लोक पाहून राहिले."

आम्ही फिरवत राहिलो. काठीवर काठी आदळत होती आणि त्या आवाजात मी विचारत होते. "तो?"

तिनं मानेनंच हो म्हटलं.

"मले काहून नाही सांगतलं?"

"तू काठी घेऊन आली असती."

"आलीच असती! मंग?"

"तो म्हने, तुह्या मायनं गुंड पैदा केली. मी हात उचलला असता त त्याचंच खरं झालं असतं."

गावच्या चौकात मंच होता, तिथं प्रत्येक जथ्यानं थांबून एक खेळ दाखवायचा. आमचा शेवटचा खेळ ठरलेला: एकीनं गुडघ्यावर बसून डोक्यावर नारळ ठेवायचा आणि दुसरीनं तो काठीनं फोडायचा. नेहमी लेक बसायची. मी म्हटलं, "आज जावईबापू बसतीन."

लोक टाळ्या पिटायला लागले, त्याला नाही म्हणता येईना. हसत हसत बसला. मी त्याच्या डोक्यावर नारळ नीट बसवला आणि कानाशी वाकून म्हटलं, "पोरीच्या दंडावरची बोटं मोजून आली मी. आता हालू नका, नारळ पडला त टाळू राहीन फक्त."

त्याचं हसू तोंडावरच वाळलं. मी काठी उगारली. खरं सांगते, मला नारळ दिसतच नव्हता. मला ती टाळू फोडायची होती, त्या परक्या देशाच्या सणात, सगळ्यांदेखत, रक्ताचा सडा घालायचा होता. माझे हात त्यासाठी शिवशिवत होते.

मागून लेकीनं माझं मनगट धरलं. "आई, दे मले."

वाटलं, नवऱ्याला वाचवते आहे मेली. संताप संताप झाला माझा. पण तिनं काठी हिसकून घेतली, पाय रोवले आणि बाह्या वर केल्या, दोन्ही, पार खांद्यापर्यंत. टाळ्या कमी कमी होत थांबल्या. पुढच्या खुर्चीतली एक म्हातारी उठून उभी राहिली.

लेकीनं वार केला. नारळाच्या ठिकऱ्या उडाल्या, पाणी त्याच्या तोंडावरून गळ्यात उतरलं. तिची पापणी लवली नाही. तो मात्र डोकं दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून बसून राहिला.

मग तो दातांतल्या दातांत म्हणाला, "घरी चल, दाखवतो तुला."

"तूच जाय," ती म्हणाली आणि काठी खांद्यावर टाकून चालायला लागली. त्या म्हातारीनं आम्हाला आपल्या गाडीतून पोलिसांकडे नेलं. त्यांनी दंडाचे फोटो काढले. आम्ही त्या घरी पुन्हा गेलो ते पोलिसांना सोबत घेऊन, तिचं सामान आणायला.

आता ती अमरावतीला माझ्यासोबत शिकवते. परवा एक नवी पोट्टी आली. मी काठी नेली आणि तिची पापणी लवली. मी सवयीनं म्हणणारच होते, घरी जा. लेकीनं मला बाजूला सारलं, त्या पोरीसमोर मातीत बसली आणि हळूच विचारलं, "घरी कोन मारते तुले?"

पोरगी रडायला लागली. लेकीनं आपल्या हातातली काठी तिला दिली.