एकशे सत्तावीस नंबरचा बिल्ला

नागपुरात जरीपटका भागातल्या आमच्या घरात दाराच्या आतल्या बाजूला एक लाकडी फळी ठोकलेली आहे. तिच्यावर खिळे, आणि खिळ्यांना नंबर कोरलेले पितळी बिल्ले. घराबाहेर पडताना आपला बिल्ला काढून खिशात टाकायचा, परत आल्यावर लावायचा. ही बाबांची शिस्त. त्यांची सारी नोकरी नागपूरजवळच्या कोळसा खाणीत गेली, तीही जमिनीखाली. तिथे खाली उतरणारा प्रत्येक जण आपला बिल्ला फळीवरून काढून नेई आणि वर आला की लावी. पाळी सुटल्यावर एक जरी खिळा रिकामा दिसला, तर कोणी घरी जायचं नाही. आणि दुसऱ्याचा बिल्ला आपण लावायचा नाही. दोस्त मागेच येतोय, हात धुतोय, तरी नाही. ज्याचा त्यानंच लावायचा.

कॉलेजात असताना मी या फळीची यथेच्छ टिंगल केली. लग्न झाल्यावर बायकोच्या हातात बिल्ला पडला तेव्हा ती बाबांसमोरच म्हणाली, "मंगळसूत्र एखाद दिवस विसरीन, पण हा विसरले तर घरात घेणार नाही वाटतं." बाबा इतके खूश झाले, की तिला आईच्या शेजारचा खिळा दिला. माझा गेला कोपऱ्यात.

माझं काम काय, हे नातेवाइकांना मी अनेक लग्नांत समजावून सांगितलं आहे. समुद्रात पिवळ्या नळकांड्यासारखी यंत्रं सोडतात, त्यांना फ्लोट म्हणतात. फ्लोट आपोआप खोल बुडतो, खालच्या अंधारात वाहत राहतो, आणि दर दहा दिवसांनी पाण्याची उष्णता नि खारटपणा मोजत मोजत वर येतो. वर आला की उपग्रहाला सगळं सांगतो आणि पुन्हा खाली जातो. पावसाचे अंदाज अशाच मोजण्यांवर उभे असतात. पण फ्लोट नेऊन सोडणार कोण? ज्या भागात यंत्रं नाहीत, त्या बाजूला कोणतं जहाज निघालंय ते शोधायचं. मालाचं असो, संशोधनाचं असो, नाहीतर शिडाच्या होडीत जगप्रदक्षिणेला निघालेलं एखादं हौशी जोडपं असो. त्यांच्या हातापाया पडायचं, की बाबांनो, एवढा एक डबा घेऊन जा. हे हातापाया पडणं म्हणजे माझी नोकरी. ती मी घरातल्या मागच्या खोलीत बसून, ईमेल आणि फोनवर करतो. अंबाझरीच्या तलावात होडीत बसलं तरी मला मळमळतं. बायको म्हणते, "दक्षिण महासागरात जहाज वाकडी वाट करतं यांच्यासाठी, पण ऑटोवाला गल्लीत आत यायला तयार होत नाही."

बाबांना मात्र हे काम पहिल्याच दिवशी समजलं. खाली जाणं, वर येणं, आणि वरच्या माणसानं वाट पाहणं. माझ्या लॅपटॉपवरच्या नकाशात प्रत्येक फ्लोटचा एक ठिपका असतो. तो पाहून ते म्हणाले, "म्हंजे हे तुयी फळीच हाय न गा!"

फ्लोट सोडण्याआधी खलाशी त्याच्यावर काहीतरी लिहितात, तशी रीतच आहे. मुलांची नावं, गावाचं नाव, एखादं चित्र. एकदा दक्षिणेकडे निघालेल्या एका जहाजावरच्या अधिकाऱ्यानं मला विचारलं, तुमच्यातर्फे काय लिहू? मी बाबांना विचारलं. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "एकशे सत्तावीस." त्यांच्या बिल्ल्याचा नंबर, खाणीत होता तोच. जहाजावरून फोटो आला. पिवळ्या नळीवर काळ्या अक्षरांत १२७, आणि मागे राखाडी, थंड पाणी.

त्यानंतर घरात एक नवाच वार सुरू झाला. फ्लोट वर यायच्या दिवशी बाबा सकाळी आंघोळ करून माझ्या खुर्चीमागे उभे. "आला का वर?" आला, असं मी म्हटलं की मग चहा. तोवर आईनं चहा ठेवायचा नाही.

खाणीची धूळ बाबांच्या छातीत केव्हाची बसून होती. गेल्या वर्षी तिनं त्यांना खाटेवर आणलं. ऑक्सिजनचं यंत्र आलं, त्याची घरघर घरभर पसरली. आणि त्याच सुमारास १२७ वर आला नाही. पुढच्या खेपेलाही नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

"बर्फाखाली गेला असंन," बाबा म्हणाले. बर्फ असला तर फ्लोट वर येत नाही, थांबतो, हे मीच त्यांना कधीतरी सांगितलं होतं.

"तिथे बर्फ नसतो, बाबा."

"मंग काहून येऊन नाही राहिला?"

बॅटरी संपली असेल, पाणी शिरलं असेल, तळाशी रुतला असेल. समुद्रातल्या यंत्राचं प्रेत कोणाला सापडत नाही. ते फक्त गप्प होतं. बाबांना त्यांच्या तब्येतीचं विचारायला माणसं यायची आणि ते त्यांना फ्लोटचं सांगायचे. "तो वर आला पाह्यजे. माया जीव तिकडंच लागला हाय."

मग एक जहाज निघालं. त्या बाजूला जाणारं त्या मोसमातलं तेवढंच. त्याच्यावर एक फ्लोट जादा होता. तो १२७ च्या जागेवर सोडायचा, तर आधी जुना बंद झाला अशी नोंद मला करावी लागणार होती. नाहीतर तो दुसरीकडे गेला असता आणि समुद्राचा तेवढा तुकडा वर्षभर मुका राहिला असता. मी बाबांच्या खाटेशी बसलो. खोटं बोलावं असं मनात आलं होतं. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला खोटं बोलता कुठे येतं? लहानपणी चोरून खाल्लेल्या चिंचांच्या बाबतीतही आलं नव्हतं. सगळं सांगितलं.

त्यांनी नाकातली ऑक्सिजनची नळी नीट केली.

"नवा पाठव," म्हणाले. "खाली काम थांबवता येत नाही. पण त्याचा खिळा काढू नको."

मी नोंद केली. नकाशावरचा ठिपका हिरव्याचा करडा झाला. पुसला मात्र नाही.

दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा ॲम्ब्युलन्सची माणसं स्ट्रेचर घेऊन दारातून निघाली होती. बाबांनी हात वर केला. मला वाटलं पाणी हवंय. आई म्हणाली, "फळीजवळ न्या नं त्याईले." माणसं गोंधळून थांबली. बाबांनी स्वतःच्या हातानं, दोनदा चुकून, तिसऱ्यांदा आपला बिल्ला काढला आणि मुठीत घेतला.

दवाखान्यातून ते परत आले नाहीत. नर्सनं त्यांची मूठ उघडून बिल्ला माझ्या हातात दिला. कोमट होता.

भंतेजी वंदना घेऊन गेले, पाहुणे गेले. मी फळीसमोर उभा होतो. बिल्ला हातात, खिळा समोर. नुसता अडकवायचा, एवढंच काम होतं. मागून आई म्हणाली, "लावू नको, बाबू. ज्याचा त्यानं लावा लागते."

त्याच आठवड्यात जहाजावरून निरोप आला, नवा फ्लोट सोडतोय, काय लिहू? मी आईला विचारलं, बाबांचाच नंबर देऊ का? ती तांदूळ निवडत होती. मान न उचलता म्हणाली, "एक नंबर एकाचाच राहते. त्याले त्याचा वेगळा दे." म्हणून माझा दिला, कोपऱ्यातल्या खिळ्याचा. तो अजून वेळेवर वर येतो. त्या दिवशी माझ्या खुर्चीमागे आता आई येऊन उभी राहते. तिला नकाशातलं काही कळत नाही, असं ती म्हणते. पण आधी करड्या ठिपक्याकडे बोट दाखवते. नाही, म्हणून मी मान हलवतो. मग ती चहा ठेवायला जाते.

घरातून निघताना मी दोन बिल्ले खिशात घेतो. परत आलो की एकच लावतो.