लाल दोऱ्याचा पेला

एटापल्लीत अश्वजितचं शिलाईचं दुकान. माणूस भारी बडबड्या. मापं घेता घेता अख्ख्या तालुक्याच्या बातम्या सांगेल. पण दोन महिने झाले, एक वाक्य काही त्याच्या तोंडून निघेना. रिकाम्या दुकानात मशीनला त्याने ते दहादा ऐकवलं, "लालसू, मले एचआयव्ही निघाला." मशीन बिचारं ऐकून घेई. लालसू समोर आला की तो डिंकाचा भाव विचारत बसे. सांगितलं आणि तो उठून गेला तर?

लालसू जवळच्या पाड्यावरचा माडिया आदिवासी, आठवडी बाजाराला डिंक, मोहफुलं विकायला येणारा. चार वर्षांचा जोडीदार. गावाच्या लेखी दोस्त. बाजार आटोपला की दोघं मागच्या खोलीत एकाच पेल्यातून चहा प्यायचे. तपासणीनंतर अश्वजित त्याला जवळ येऊ देईना. स्वतःसाठी त्याने दुसरा पेला आणला, ओळखीला लाल दोरा बांधला. दवाखान्यातल्या ताईने बजावलं होतं, "उष्ट्यानं पसरत नाई, भाऊ. गोळी रोज घ्या, अन् जोडीदाराले तपासाले आणा." ते त्याला पटलंही होतं. पण भीतीला कुठे पटतं!

त्या बाजारी लालसूने चहाला हातच लावला नाही.

"माह्या उष्ट्याचा विटाळ होते का तुले? मी माडिया म्हणून?"

अश्वजितचे आजोबा रामाजी जातीपायी हॉटेलाबाहेर वेगळ्या ठेवलेल्या कपात चहा प्यायले होते. ती गोष्ट ऐकतच तो मोठा झाला. आणि त्यांच्याच नातवाने घरात वेगळा पेला मांडला होता.

"तुहा नाई रे, माहाच," म्हणता म्हणता त्याला रडू फुटलं. मग ते वाक्य अर्धंमुर्धं बाहेर पडलं.

लालसूचा चेहरा उतरला.

"माह्यात बी असन का?"

"असू शकते. तपासल्याबिगर कसं सांगू? असलं तरी गोळी आहे."

"अन् दोन महिने तू हे एकटाच घेऊन बसला?" लालसू चिडला. मग हळूच म्हणाला, "सोमवारी जाऊ. मले सुईचं भेव वाटते. तू हात धरजो."

त्याने पेल्याचा लाल दोरा दातांनी तोडला आणि दोन्ही चहा एकात ओतले. "आधी तू पी."

अश्वजितने अर्धा पिऊन पेला पुढे केला. उरलेला निवलेला चहा लालसूने एका घोटात संपवला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर टाकाची भुलला का रे?"