मूल कोण होणार?

माइक-स्पीकर भाड्याने देणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते वायरींसारखे आपोआप गुंततात. पुढे लिहितोय ते अक्षर न् अक्षर खरं आहे, बोईसरच्या माझ्या दुकानाची शपथ! आता दुकान बायकोच्या नावावर आहे, हा भाग वेगळा. आणि आयुष्यभर अ‍ॅम्प्लिफायर फिरवलेला माणूस मी, थोडा आवाज वाढणारच.

माधुरीताई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झाल्या आणि दुसऱ्याच कामाला लागल्या. मुलांचं लैंगिक शोषण कसं ओळखायचं, कसं थांबवायचं, हे आईबापांना, शिक्षकांना, डॉक्टरांना सांगत फिरायचं. त्यांच्या एका सभेला मी स्पीकर लावायला गेलो, तो अजून काढलेला नाही. तिसरे आमचे राऊत सर, केळव्याचे रिटायर्ड मास्तर.

ताईंचा जीव मात्र एका गावात अडकलेला. उमरोळीहून आत, डोंगराच्या अंगाला. दिवाळी झाली की तिथली निम्मी घरं वीटभट्टीवर जातात आणि शाळेतली पोरं कुणा काकाकडे, कुणा शेजाऱ्याकडे मागे राहतात. माणसं जायच्या आत तिथे एक सभा व्हायला हवी होती. पोरांनी काही सांगितलं तर निदान ऐकायचं कसं, एवढं तरी!

आडवे आले गावचे पोलीस पाटील.

"ताई, आमच्या गावात असलं काय नाय होत. पोरं ऱ्हातात ती सगळी घरातल्याच माणसांकडं हायत."

"पाटील, तेच तर सांगायचंय!"

पाटलांनी चहा पाजला आणि वाटेला लावलं. चहा उत्तम होता.

*

राऊत सरांची अडचण वेगळी. शरीराच्या अवयवांची नावं मुलांना नीट सांगा, हे त्यांनी पालकांना सांगायचं. सर "डोळे, नाक, कान" खणखणीत म्हणायचे, आणि पोटाच्या खाली आले की "इथून इथपर्यंत" म्हणत हवेत हात फिरवायचे. बघणाऱ्याला वाटावं, सर शर्ट शिवायला टाकतायत.

ताईंनी दम दिला, "सर, घरी प्रॅक्टिस करा."

सरांनी घरातलं कोणी ऐकू नये म्हणून सुपारीच्या वाडीत जाऊन, पंपाच्या आवाजाआड सुरुवात केली. चौथ्या दिवशी पंपामागून सरांच्या पत्नी, आमच्या काकू, बाहेर आल्या. सर पांढरेफटक!

काकू म्हणाल्या, "अहो, शेवटचा शब्द गिळताय. पोरांनी ओरडून सांगावं म्हणता आणि स्वतः कुजबुजता?"

*

सभेला आया येतात, बाप येत नाहीत. का, तर शिफ्ट! मग ताईंनी एका कंपनीच्या सुपरवायझरला गाठलं. त्याने नोटीस लावली, "सेफ्टी टॉक, हजेरी सक्तीची." सगळे हेल्मेट घालून आले. तासभर आम्ही पिवळ्या डोक्यांशी हिंदीत बोललो, बहुतेकांची बायकापोरं दूर परप्रांतात, गावी. विषय कळल्यावर आधी खसखस, मग चुळबुळ, मग अगदी चिडीचूप.

ताई शेवटी एवढंच म्हणाल्या, "आज घर फोन करो तो पढ़ाई का मत पूछो। पूछो, कोई बात है जो बोलनी है?"

फोन गेटवर लॉकरमध्ये जमा. सभा सुटली आणि सगळी पिवळी डोकी गेटकडे पळाली. एक जण कठड्यावरून उडी मारून गेला.

सुपरवायझर बघतच राहिला. "फायर ड्रिल में भी इतनी जल्दी नहीं निकलते, मॅडम!"

*

पालघरच्या एका डॉक्टरांना ताईंनी शिकवलं होतं, "मुलाला हात लावण्याआधी विचारा." महिन्याभराने डॉक्टर तणतणत आले.

"ताई, पोरगं इंजेक्शनला नाही म्हणालं! बाहेर पेशंट खोळंबलेले, आणि मी त्याची समजूत काढत बसलोय!"

"पटलं त्याला?"

"पटलं. पण मला आधी स्वतःला सुई टोचून दाखवावी लागली!"

"दुखलं?"

"दुखलं की!"

"मग बरोबर आहे त्याचं," ताई म्हणाल्या.

*

एव्हाना दिवाळी होऊन गेली, भट्टीच्या गाड्या आता कधीही निघणार होत्या. पाटलांकडे आमची दुसरी चकरही झाली होती. "बायामाणसांसमोर असलं बोलायचं?" ताई म्हणाल्या, "मग तुम्ही बोला." परत चहा.

तेवढ्यात पालघरला पोलीस पाटलांसाठीच ताईंची सभा लागली. आमचे पाटील मागच्या रांगेत, मिशी आणि हाताची घडी. ताईंनी नेहमीचं नाटुकलं काढलं. मूल आईला काहीतरी सांगतं, आई ऐकत नाही, मूल मान खाली घालून निघून जातं. असं वागू नका, हे दाखवायला.

"आई मी होते. मूल कोण होणार?"

कोणी उठेना. ताईंनी बोट दाखवलं, "पाटील, या."

पाटील आले. मी त्यांच्या हातात माइक दिला. वाक्य एकच होतं, "आई, मला काकांकडे राहायचं नाही."

पाटील ते म्हणाले. ताई ठरल्याप्रमाणे खेकसल्या, "नखरे नकोत! जा गपचूप!"

इथे मुलाने जायचं. पाटील गेले नाहीत.

"आई, मला नाय ऱ्हायचं तिकडं."

"पाटील, आता जायचं," राऊत सर हळूच म्हणाले.

पाटील हलले नाहीत. माइकमधून नुसता श्वास येत होता. मी आवाज कमी करायला बटणाला हात लावला आणि तसाच थांबलो.

"आई, नाय जायाचं मला."

ताईंनी हातातला कागद खाली ठेवला. "बरं. नको जाऊस. इथे बस माझ्याजवळ."

पाटील बसले. सगळं सभागृह खो-खो हसलं, टाळ्या पडल्या, राऊत सरांनी घाईघाईने चहा जाहीर केला.

मी बाहेर टेम्पोत स्पीकर चढवत होतो. पाटील आले, ताईंसमोर उभे राहिले. चहा घेतला नव्हता.

"रविवारी या. सोमवारी गाड्या निघतात भट्टीवर. सतरंज्या मी घालतो."

टोपी घातली आणि गेले.

आता कबुली. बाकी ठिकाणी मीठमसाला असेल, पण निव्वळ खोटं एकाच जागी आहे. पाटील बसल्यावर सभागृह हसलं, असं मी लिहिलंय. कोणी हसलं नव्हतं.