शेवंतामावशीचं नाक

मी गोंदियाजवळच्या कुडव्यात राहायला आले त्या संध्याकाळी सामान अजून टेम्पोतच होतं. शेजारच्या कुंपणापलीकडे एक बाई हवेत नाक वर करून उभ्या होत्या.

"तुमच्या पिशवीत सांबारवडी हाय," त्या म्हणाल्या. "सकाळची हाय. आता खाऊ नोका, तेल बिघडलं तिचं."

कोथिंबिरीच्या त्या वडीचा डबा घट्ट लावलेला होता आणि पिशवीवर शाल गुंडाळलेली होती. मी डबा उघडून पाहिला, तर वडी खरोखरच खाण्यासारखी राहिली नव्हती. पाठोपाठ कुंपणावरून एक ताटली आली, तिच्यात गरम नानकटाई होती. "हे खा. मंग सामान उतरवा." शेवंतामावशींची आणि माझी ओळख झाली ती अशी.

नानकटाई त्या अंगणातच भाजायच्या. त्यांचे यजमान, मनोहरकाका, तरुणपणी गोंदियातल्या एका बेकरीत कामाला होते. पुढे ते आपल्या गावची, दवनीवाड्याची धानाची शेती बघू लागले आणि भट्टी विसरले. मावशींनी मात्र त्यांच्याकडून सगळं शिकून घेतलं होतं. जाड बुडाची देगची, तिच्यात वाळू, वाळूवर ताटली, झाकणावर निखारे. नवं धान घरात आलं की नव्या तांदळाची पिठी, गूळ, तूप, आणि त्यात सुंठ, वेलदोडा, जायफळ, नावाला लवंग. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आमच्या गल्लीत दुपारी चारच्या सुमाराला माणसं उगाचच बाहेर यायची. कोणी गाडी पुसायचं, कोणी रोपाला पाणी घालायचं. सगळ्यांचं तोंड मात्र मावशींच्या अंगणाकडे असायचं.

त्यांच्याकडे मोजमाप नव्हतं. मी एकदा विचारलं, "मावशी, मसाला भाजला हे कळतं कसं?"

"थो सांगते ना. आपून चूप राह्यलं पायजे."

बोलणं तोडून टाकल्यासारखं, पण त्यात राग नसायचा. माझ्या घरी पहिल्यांदा चहा प्यायल्या तेव्हा म्हणाल्या, "अद्रक टाकलं का नुसतं दाखवलं त्याले?" मला हसू आवरलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या परसातल्या आल्याचा मोठा गड्डा आणून दिला.

मग एका हिवाळ्यात गल्लीत तापाची साथ आली. घरोघरी कोणी ना कोणी पडलेलं होतं. मावशीही पडल्या आणि उठल्या. काका म्हणाले, "बरी झाली." मीही तसंच समजले. पण एका सकाळी मी साखर मागायला गेले, तर चुलीवर दूध करपत होतं. घरभर वास पसरला होता आणि मावशी शेजारीच पाटावर बसून तांदूळ निवडत होत्या. मी पळत जाऊन भांडं उतरवलं. त्या म्हणाल्या, "ध्यान नव्हतं व माहं."

थोड्या दिवसांनी त्यांनी अंगणात मसाला भाजायला घेतला. सगळी गल्ली खोकत दारं लावून घेऊ लागली. मी तोंडाला पदर लावून गेले. कढईतून काळा धूर निघत होता आणि मावशी शांतपणे उलथनं फिरवत होत्या. माझा चेहरा पाहून त्यांचा हात थांबला. कढईत वाकून त्यांनी खोल श्वास घेतला, मग पुन्हा एकदा घेतला.

"मले काईच वास येऊन नाई राहिला," त्या हळूच म्हणाल्या. "ताप उतरला तवापासून नाई."

गोंदियातल्या डॉक्टरांकडे मीच त्यांना घेऊन गेले. डॉक्टर हिंदीत बोलले, "आ जाएगी, माताजी. कब, ये नहीं बता सकता." परतल्यावर घराशी गाडीवरून उतरताना मावशी म्हणाल्या, "पोट भरते. पण जेवलं असं नाई वाटत. कोणा दुसऱ्याच्या घरी राहून राहिली असं वाटते."

पुढच्या वर्षी धान आलं, दिवाळी आली, पण देगची माळ्यावरच राहिली. मावशी वरण-भात करायच्या, भाजीला मीठ आणि तिखट घालायच्या, बाकी डब्यांना हात लावायच्या नाहीत. काका पानात येईल ते मुकाट्याने जेवत. गल्लीतही कोणी विषय काढला नाही.

त्याच थंडीत त्यांची एकुलती एक मुलगी वर्षा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला नागऱ्याला दिलं होतं. आता लाडू करायला हवे होते: डिंक, मेथी, सुंठ, जायफळ, खोबरं, गूळ. गल्लीतल्या कितीतरी पोरींचे बाळंतपणाचे लाडू मावशींच्या हातचे होते. वर्षा म्हणाली, "आई, दुकानातून आणू ना. आजकाल सगळेच आणतात." दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी कुंपणाशी आल्या.

"तुमची गाडी रिकामी हाय का? दवनीवाड्याले जाचं हाय. गंगेकडे."

मी चकित झाले. गंगाबाई म्हणजे त्यांची धाकटी जाऊ. एका लग्नाच्या पंगतीत मावशींनी केलेल्या भाजीबद्दल गंगाबाई चारचौघांत म्हणाल्या होत्या, "लवंग जास्त झाली." तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. सणावारी काका एकटेच भावाकडे जाऊन यायचे.

"मी आहे ना मावशी," मी म्हटलं. "मी वास घेऊन सांगेन."

"तुमी चांगल्या हाव. म्हणूनच नाई चालत," त्या म्हणाल्या. "तुमी म्हणान, मस्त झालं मावशी. मले खोटं न बोलणारं नाक पायजे."

दवनीवाड्यात पोचलो तेव्हा गंगाबाई अंगणात धान वाळत घालत होत्या. अंगानं काटक, कपाळाला मोठं कुंकू. आम्हाला पाहून त्यांनी हातातलं फावडं थांबवलं, पण ठेवलं नाही.

"रस्ता सापडला म्हणा, बाई."

मावशी फाटकातच उभ्या राहिल्या. "नाक गेलं माहं, गंगे."

गंगाबाईंचा चेहरा उतरला. "कोणी कापलं? वर्षाच्या सासरच्यायनं?"

मावशी हसायलाच लागल्या. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना हसताना पाहत होते. "कोणी नाई कापलं व. वास येऊन नाई राहिला. कशाचाच."

आता फावडं खाली गेलं. गंगाबाई जवळ आल्या आणि मावशींच्या तोंडाकडे निरखून पाहू लागल्या, जणू बाहेरून काही दिसणार होतं. "अन् सैपाक कोण करून राहिलं मंग?"

"मीच."

"मंग भासरे कसे जगून राहिले?" गंगाबाईंनी आपल्या थोरल्या दिराची काळजी बोलून दाखवली, आणि आता मलाही हसू आलं.

मावशींनी वेळ घालवला नाही. "वर्षाचे लाडू कराचे हाय. तू चाल माह्यासंग."

"माहं नाक चालते का तुमाले? पंगतीत तं नाई चाललं."

"लवंग जास्तच होती थ्या दिवशी," मावशी म्हणाल्या. "मले घरी आल्यावर समजलं. पण मंग कोण सांगाले येते?"

गंगाबाईंनी सुनेला हाक मारून धानाकडे लक्ष द्यायला सांगितलं, आत गेल्या, लुगडं बदललं, एक पिशवी घेतली आणि तिघी एकाच गाडीवर कशाबशा बसून कुडव्याला आलो.

त्या दुपारी मावशींच्या अंगणात पुन्हा चूल पेटली. मेथी कढईत पडली. मावशी उलथनं फिरवत, गंगाबाई वाफेवर नाक धरून बसलेल्या.

"आता?"

"नाई."

"रंग तं आला."

"रंगानं काय होते? कडू कच्चा हाय अजून. फिरवा."

"आता?"

"उतरवा."

जायफळावरून दोघींचं चांगलंच वाजलं. मावशी म्हणत होत्या, अजून किसायचं. गंगाबाई म्हणत होत्या, बाळंतीण दिवसभर झोपून राहील. वर्षा पलंगावरून ऐकत होती. "झोपू द्या ना मले," ती म्हणाली, तेव्हा कुठे ते थांबलं. संध्याकाळी परातीत लाडू वळून झाले. मावशींनी एक तोडून तोंडात टाकला, चघळला आणि गंगाबाईंकडे पाहिलं.

"बरा झाला," गंगाबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं ऐकायला मिळणं सोपं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

वर्षाला मुलगी झाली. गंगाबाई बारशापर्यंत राहिल्या आणि त्यानंतरही येत राहिल्या. बाजाराच्या दिवशी मुलाच्या गाडीवर बसून यायच्या, भाजी घ्यायच्या आणि दुपार मावशींकडे काढायच्या. माळ्यावरची देगची खाली आली. गल्लीतली माणसं पुन्हा चारच्या सुमाराला गाड्या पुसू लागली. नानकटाई पूर्वीपेक्षा थोडी सौम्य झाली होती, हा गंगाबाईंच्या नाकाचा परिणाम. मावशी म्हणायच्या, "तिले काईच सहन होत नाई." पण मसाला गंगाबाई सांगतील तितकाच टाकायच्या.

त्यानंतरच्या हिवाळ्यात माझी बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी निरोप घ्यायला गेले. वर्षा चार दिवस माहेरी आली होती आणि गंगाबाईही आलेल्या होत्या. आत बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मावशी अंगणात माझ्या वाटेतल्या नानकटाईसाठी म्हणून सुंठ आणि वेलदोडा भाजत होत्या. मी शेजारी पाटावर बसले.

"सुंठ आली," त्या एकदम म्हणाल्या.

मला समजलं नाही. त्यांनी आपल्या नाकाला बोट लावलं.

"खरंच? कधीपासून?"

"पोळ्यापासून. आधी फिनाईल आलं. मंग अद्रक. आता बरंच येते."

"मावशी! मग सांगितलं का नाही कोणाला?" मी उठायलाच लागले. "गंगाबाईंना किती..."

त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं आणि दाराकडे पाहिलं. "गंगेले सांगू नोका," त्या कुजबुजल्या. "तिच्याबिगर होते असं समजलं, तं थे कायले येईल?"

कढईतून सुंठीची ऊब वर येत होती. मावशींनी डोळे मिटून ती आत घेतली आणि कढईचे कान धरून ती चुलीवरून अर्धी उचलली. तेवढ्यात आतून गंगाबाईंचा आवाज आला, "बाई, पाहा व, झाली का?"

मावशींनी कढई परत चुलीवर ठेवली.

"मले काय समजते?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "तूच येऊन सांग."