आधी कोण उठणार

सून केळीच्या पानात मासा वाफवायला लागली, की नाशिकमधल्या इंदिरानगरच्या आमच्या स्वयंपाकघरात मला युगांडा आठवतो.

तरुणपणी चर्चच्या मिशनच्या सेवेसाठी तिथे जाऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते, करमत नव्हतं आणि परत निघायचं मी मनाशी पक्कं केलं होतं. तेवढ्यात शेजारच्या आजींनी जेवायला बोलावलं. घरभर हाच पानांचा वास. नाशिकच्या सवयीने मी पाया पडायला वाकले, तर तिथल्या रीतीप्रमाणे पाहुणीला नमस्कार म्हणून आजीच गुडघे टेकून बसल्या. मीही खालीच बसले.

"आजी, उठा ना," मी इंग्रजीत म्हणाले.

"आधी तू," त्या म्हणाल्या.

कोणीच उठेना. मग हसत त्यांनी ताट तिथेच ओढलं. परत जाण्याचा विचार त्या जेवणातच मागे पडला.

आजही प्रार्थनेला गुडघे टेकले, की आधी आजी समोर येतात.