अंधाराचा फौजदार

आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. त्यामुळे पुस्तकात लिहायचं ते दुसऱ्यांनी, आपण वाचायचं, अशी वाटणी मनात कधीच झालेली. ती मोडून लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

नांदेडच्या आमच्या कॉलेजचा आकाश बघणाऱ्यांचा गट अमावास्येच्या आसपास कंधारच्या पुढे एका टेकडीवर मुक्कामाला जातो. दुर्बिणीला हात लावण्याइतका माझ्यावर सरांचा भरवसा नव्हता. मला उजेड आवरायचं काम दिलं होतं. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो आणि एका बॅटरीने ते सगळं वाया जातं. म्हणून मी प्रत्येकाच्या मोबाइलला लाल जिलेटिन कागद चिकटवत फिरायचो. पोरं मला फौजदार म्हणायची. मला ते मनातून आवडायचं.

त्या रात्री माझी बहीण लातूरला पहिल्या बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. सकाळपासून कळा देत होती, डॉक्टर ऑपरेशनचं बोलले होते. मी निघतो म्हणालो, तर आई फोनवर म्हणाली, "तू यून काय करणार? बसायला इथं लई जण हायत." टेकडीवर रेंज नसते, म्हणून पायथ्याच्या हॉटेलवाल्या मामांचा नंबर घरी देऊन ठेवला.

सरांनी शनी दाखवला. शनी थरथरतोय, असं मी गंभीरपणे सांगितलं. सर म्हणाले, "शनी नाही रे, तू स्टँडला टेकलायस." मग मी चादर डोक्यावरून घेऊन आत मोबाइल लावून बसलो. कुठे रेंजची एखादी काडी दिसते का, ते बघत. बाहेरून एका मुलीने विचारलं, "सर, फौजदार चादरीत काय करून राहिलेत?" सगळे हसले. मी कागद तपासत होतो, असं सांगितलं.

तेवढ्यात पायथ्याकडून मोटरसायकलचा झगझगीत दिवा वर यायला लागला. चादर टाकून मी कड्यापर्यंत धावलो आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडलो, "लाईट बंद करा!"

लाईट बंद झाला. इंजिनही थांबलं. मग बराच वेळ नुसते दगड घसरल्याचे आवाज. तेवढ्या वेळात मी पोरांना शिस्तीचं महत्त्व सांगून घेतलं. एवढ्या रात्री त्या टेकडीवर कोण आणि कशाला येईल, हा विचार भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला सुचला नाही.

गाडी ढकलत मामा वर आले. एका पायात चप्पल, दुसरी हातात. अंधारात मला त्यांचं तोंड दिसेना.

"लाईट बंद कर म्हणलास म्हणून येळ लागला, भाच्या," ते दम खात म्हणाले. "लातूरहून फोन आलता. पोरगी झाली. ऑपरेशन न्हाई लागलं. दोघी बऱ्या हायत."